कुत्र्याचं असो नाहीतर म्हशीचं, केस कापायच्या मशीनची देखभाल: आधी केस, मग तेल, मग ताण, मग धार, मोटर सगळ्यात शेवटी

नवरात्र संपलं की माझा फोन वाजायला लागतो आणि बहुतेक फोन एकाच वाक्याने चालू होतात, "दादा, मशीन चालतंय पण कापत नाही." मी कोल्हापुरात कुत्र्यांचं ग्रूमिंग करतो आणि सकाळच्या वेळात आसपासच्या गावात म्हशी भादरायला जातो. आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून रस्त्यावर आणतात, त्यामुळे त्याआधीचे पंधरा दिवस ज्याच्या त्याच्या गोठ्यात पेटीतून मशीन बाहेर निघतं आणि पावसाळाभर तसंच पडून राहिलेलं असल्याने अडकतं, तापतं, केस ओढतं. मग माणूस सरळ दुकानात जाऊन नवीन घेतो. माझ्याकडे आलेल्या अशा "बंद पडलेल्या" मशीनपैकी खरोखर मोटर गेलेली फार थोडी निघाली, बाकीच्यांना कुणाला नुसतं साफ करायचं होतं, कुणाला तेल हवं होतं, कुणाचा नट जास्त आवळलेला होता.

पैसे वाचतात ही गोष्ट आहेच पण मी हे सगळं इतकं लिहितोय त्याचं कारण वेगळं आहे. मशीनमध्ये काय चूक आहे ते आपल्याला उशिरा कळतं, जनावराला आधी कळतं. सुरुवातीच्या वर्षी माझ्या हातून एका ल्हासा जातीच्या कुत्र्याचं पोट भाजलं होतं. केस गुंतलेले होते, काम लांबलं, मी मध्ये एकदाही ब्लेडला हात लावून बघितलं नाही. तिथे असताना काही दिसलं नाही, दुसऱ्या दिवशी त्याच्या मालकीण ताईंनी फोटो पाठवला, पोटावर लाल चट्टा आणि तो चाटून चाटून ओला झालेला. कुत्रा त्या वेळी दोनदा अंग चोरत होता आणि मी त्याला "नाटक करू नको" म्हणालो होतो, हे मला अजून आठवतं. तेव्हापासून जनावर अंग चोरायला लागलं की मी आधी मशीन बंद करतो आणि ब्लेड बघतो.

आधी तुमच्याकडे कुठलं मशीन आहे ते ओळखा

कारण सगळ्यांची देखभाल एकसारखी नसते. ढोबळमानाने चार प्रकार बाजारात दिसतात.

पहिला, कुत्र्या-मांजरांसाठी सुट्ट्या ब्लेडचं मशीन, ज्यात ब्लेड खटकन निघतं आणि खटकन बसतं. ऑस्टर, एंडिस, वाल यांची अशी मशीन पार्लरमध्ये असतात आणि बरं म्हणजे यातल्या बहुतेकांची ब्लेड एकमेकांना चालतात. ब्लेडवरचा नंबर जितका मोठा तितके केस बारीक कापले जातात, म्हणजे १० नंबर साधारण दीड मिलिमीटर केस ठेवतो, ७एफ तीन मिलिमीटरच्या थोडं वर, ४एफ साडेनऊच्या आसपास, आणि ४० नंबर तर पाव मिलिमीटर, तो डॉक्टर लोक ऑपरेशनच्या आधी वापरतात. ४, ५, ७ अशा लांब केस ठेवणाऱ्या ब्लेडवर एफ लिहिलेलं असेल तर दात सगळे सारख्या उंचीचे असतात, एफ नसेल तर एक दात उंच एक आखूड असा, आणि त्या मोठ्या फटीत मांजराची किंवा म्हाताऱ्या कुत्र्याची सैल कातडी शिरू शकते, हे लक्षात ठेवा.

दुसरा, घरगुती चार्जिंगचं छोटं मशीन, आजकाल ऑनलाइन सगळीकडे मिळतं ते. तिसरा, व्हायब्रेटरवालं, न्हाव्याच्या दुकानात घरघरणारं असतं तसं, यात मोटर नसते, कॉइल आणि लोखंडी पट्टी असते. आणि चौथा म्हणजे गुरांचं आणि शेळ्यामेंढ्यांचं मोठं मशीन, हायनिगर, लिस्टर किंवा आता जास्त करून ३५० वॉटपासून पुढे मिळणारी चिनी मशीन. याच्या डोक्यावर ताण द्यायचा नट असतो, ताण म्हणजे दोन पाती एकमेकांवर किती दाबली जातात ते. गुरांच्या आणि घोड्यांच्या जोडीत खालच्या पात्याला सहसा ३१ दात आणि वरच्याला १५, मेंढीच्या जोडीत खाली १३ आणि वर ४. मेंढीचं मशीन म्हशीवर आणि म्हशीचं मेंढीवर चालवून "कापत नाही" म्हणणारे लोक मी बघितलेत, तिथे दुरुस्ती करायला काही नसतंच.

पहिलं काम: केस काढणं

दोन पाती असतात. खालचं जाड पातं हलत नाही, ते कातडीवर टेकतं आणि केसांना दातात घेतं. वरचं पातं, म्हणजे कटर, त्याच्यावर डावी-उजवीकडे सरकतं. दोन्हींच्या मधे केस, कोंडा, माती अडकली की ती पाती एकमेकांपासून केसभर वर उचलली जातात आणि मग कात्रीचा स्क्रू ढिला झाल्यावर कापड कसं मधे दुमडतं तसं होतं, केस कापला न जाता दुमडतो आणि ओढला जातो. धार शंभर टक्के चांगली असली तरी.

सुट्ट्या ब्लेडचं मशीन असेल तर काम झालं की प्लग काढा, ब्लेड काढा. मग वरचं पातं अंगठ्याने एका बाजूला अर्ध्यापर्यंत सरकवा, पूर्ण बाहेर काढू नका, अर्ध्यापर्यंतच. जेवढा भाग उघडा पडला तो जुन्या टूथब्रशने झाडा आणि जुन्या सुती कापडाची पट्टी दोन पात्यांच्या मधून ओढून घ्या. मग तसंच दुसऱ्या बाजूला. पूर्ण का काढायचं नाही तर परत घालताना स्प्रिंगखालचा तो छोटा प्लास्टिकचा तुकडा हमखास पडतो आणि शोधता शोधता संध्याकाळ होते, शिवाय पातं तिरकं बसलं तर कटरचा दात खालच्या पात्याच्या पुढे येऊ शकतो आणि मग कातडी कापलीच म्हणून समजा. कटरच्या दातांची टोकं नेहमी खालच्या पात्याच्या टोकांपेक्षा थोडी मागे असलीच पाहिजेत. हे दर वेळी, मशीन कुठलंही असो, चालू करायच्या आधी डोळ्यांनी बघायचं.

मोठ्या मशीनमध्ये नट पूर्ण सोडून दोन्ही पाती काढायची आणि डोकं नीट झाडायचं. म्हशीच्या अंगावरचं शेण आणि माती वाळून तिथे सिमेंटसारखी घट्ट बसते. आत फुंकायला कॉम्प्रेसर असेल तर बेस्ट, पण हवा आतून बाहेर जाईल अशी मारा, बाहेरून आत मारली तर सगळा कचरा मोटरमध्ये जाऊन बसतो.

खूप चिकट झालेलं असेल तर? ब्लेड वॉश मिळतो तो चांगला, उथळ झाकणात थोडा ओतायचा आणि मशीन चालू ठेवून फक्त दातांची टोकं त्यात बुडवायची, काही सेकंदात काळं पाणी सुटतं. मशीनचं डोकं त्यात घालायचं नाही. गावाकडे लोक रॉकेल वापरतात आणि साफ होतंही, पण पाती मशीनवरून काढून धुवा, चूल-विडी लांब ठेवा, आणि नंतर अगदी कोरडं पुसून मग तेल द्या, कारण रॉकेलचा अंश राहिला की कातडीला झोंबतो आणि कुत्रं-मांजर तर अंग चाटतंच.

अजून एक, आणि माझ्या मते ब्लेडच्या आयुष्याचं हेच सगळ्यात मोठं कारण आहे: मातीने भरलेल्या अंगावर मशीन चालवू नका. वाळूचा कण पोलादापेक्षा कमी कडक नसतो. एक नवंकोरं ब्लेड एका मळलेल्या म्हशीवर बोथट होताना मी बघितलंय, आणि तेच ब्लेड धुऊन वाळवलेल्या कुत्र्यांवर कित्येक दिवस टिकतं. म्हैस आदल्या दिवशी डुंबून आली असेल तर आधी खरारा, मग पाणी, मग पूर्ण वाळू द्या आणि मग भादरा. ओल्या केसावर मशीन चालत नाही, आणि ओल्या जनावराजवळ विजेची वायर नको हे वेगळं सांगायला नको. धनगर मंडळी मेंढ्या कातरायच्या आधी ओढ्यात धुवायची ती काय उगाच नाही.

तेल: किती, कुठे, कुठलं

पाच ठिकाणं. दातांवर तीन थेंब, डावीकडे, मधे, उजवीकडे, आणि मागच्या बाजूला जिथे वरचं पातं खालच्या पात्यावर घासतं तिथे दोन्ही कडांना एक एक. मग मशीन दात खाली करून चालू करा, दहा-पंधरा सेकंद चालू द्या म्हणजे तेल पसरतं आणि जास्तीचं मोटरकडे न जाता खाली येतं. बंद करून कापडाने पुसा. न पुसता तसंच चालवलं तर तेल जनावराच्या अंगावर डाग पाडतं आणि बारीक केस त्याला चिकटून परत गाळ.

काम चालू करायच्या आधी एकदा, मधे दर दहा-पंधरा मिनिटांनी, आणि काम संपल्यावर साफ करून परत एकदा. लोक सुरुवातीला घालतात आणि विसरतात. शेवटचं तेल सगळ्यात जास्त विसरलं जातं आणि गंज तिथेच चढतो.

कुठलं तेल याच्यावर फार गोंधळ आहे. क्लिपर ऑइल म्हणून जे मिळतं ते पातळ खनिज तेल असतं, ते नसेल तर शिलाई मशीनचं तेल चालतं, तेही पातळ खनिज तेलच आहे. खोबरेल घालू नका, थंडीत ते गोठतं आणि पहाटे मशीन जागचं हलत नाही. गोडेतेल तर अजिबात नको, ते गरम होऊन चिकट पिवळा थर होतो, लाखेसारखा, तो काढताना जीव जातो. गाडीचं इंजिन ऑइल जाड असतं. आणि गंज सोडवायला जो निळ्या-पिवळ्या डब्यातला स्प्रे मारतात तो जॅम झालेला स्क्रू सोडवायला ठीक आहे पण वंगण म्हणून त्याच्यावर विसंबू नका, उडून जातो आणि मागे कोरडं पातं राहतं.

ब्लेड थंड करायचा स्प्रे मिळतो त्याबद्दल पण हेच. तो थंड करतो आणि केस उडवतो, पण त्याच्यानंतर तेल द्यावंच लागतं. शिवाय पेट घेणारा असतो, म्हणून मशीन बंद करून, जनावराच्या तोंडापासून लांब मारा.

ताण: सगळ्यात जास्त मशीन इथे मरतात

गोठ्यात माणूस काय करतो, केस ओढले जायला लागले की नट आवळतो. अजून ओढले की अजून आवळतो. थोडा वेळ बरं कापतं आणि मग मोटरचा आवाज जड येतो, डोकं तापतं, वास यायला लागतो. दोन पोलादी पाती एकमेकांवर दाबून घासली जातात, धार जाते, ताकद सगळी घर्षणात जाते आणि शेवटी आर्मेचर, म्हणजे मोटरमधली फिरणारी गुंडाळी, जळतं. नंतर मोटर खराब होती म्हणून कंपनीला बोल लावला जातो.

मी असं करतो. पाती साफ करून, तेल देऊन बसवली की नट पूर्ण ढिला ठेवून हाताने हळू फिरवत न्यायचा, बोटाला पहिला अडथळा लागला की थांबायचं. तिथून फक्त पाव फेरी पुढे. तुमच्या मशीनबरोबर आलेल्या पुस्तकात वेगळं लिहिलेलं असेल तर ते खरं मानायचं, काही मशीनची पद्धत वेगळी असते. मग मशीन चालू करून ऐका. आवाज मोकळा पाहिजे. काम करताना कापणं कमी झालं तर लगेच नट नाही, आधी ब्रशने केस झाडा, मग तेल, आणि त्यानंतरही ओढत असेल तर अजून पाव फेरी. असं दोन-तीनदा करूनही कापत नसेल तर धार गेलेली आहे, पाती बदला. पानं लावून नट आवळायचा तर प्रश्नच येत नाही, तो बोटांनी फिरवायचा नट आहे.

काम संपलं की नट ढिला करून ठेवा. आतल्या स्प्रिंगला सतत दाबून ठेवलं की ती बसते.

सुट्ट्या ब्लेडमध्ये नट नसतो, तिथे ताण ब्लेडवरच्या स्प्रिंगचा असतो. दोन बोटांनी कटर आडवा सरकवून बघा, सहज घरंगळला तर ताण कमी, अजिबात हलत नसेल तर जास्त किंवा आत गंज. स्प्रिंग किंचित खाली वाकवून ताण वाढवता येतो, पण हे धार लावणाऱ्याकडून करून घ्या, जास्त वाकवलं तर ब्लेड तापायला लागतं.

व्हायब्रेटरवाल्या मशीनला बाजूला एक छोटा स्क्रू असतो. मशीन चालू करून तो डिसमिसने हळूहळू उजवीकडे फिरवायचा, कडकड आवाज आला की आतली पट्टी कॉइलवर आपटतेय असं समजायचं, मग आवाज जेमतेम थांबेल एवढाच मागे घ्यायचा. तिथे त्याची ताकद सगळ्यात जास्त असते. व्होल्टेज बदललं की हे परत करावं लागतं, गावाकडे संध्याकाळी लाइट मंद असते तेव्हा हेच मशीन दुबळं चालतं. आणि अमेरिकेतून नातेवाईक मशीन घेऊन येतात त्यांच्यासाठी: तिकडची वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपली २३० आणि ५०. थेट आपल्या प्लगमध्ये लावलं तर कॉइल जळते. नुसता ट्रान्सफॉर्मर लावला तरी हर्ट्झ बदलत नाही, तिथे मिनिटाला ७२०० वेळा हलणारं पातं इथे ६००० वेळा हलतं आणि स्क्रू परत लावून घ्यावा लागतो. चार्जिंगचं असेल तर अडॅप्टरवर बघा, १०० ते २४० लिहिलेलं असलं की बिनधास्त.

तापलंय का ते कसं बघायचं

मनगटाच्या आतल्या बाजूला ब्लेडची पाठ टेकवा, दूध पाजायच्या आधी बाळाच्या बाटलीचं बघतात तसं. तुम्हाला चटका वाटला तर जनावराच्या पोटाला, काखेला, कानामागे दुप्पट वाटणार. दर पाच-सात मिनिटांनी हे करा, सवय लागते. मी एकाच नंबरची दोन ब्लेड ठेवतो, एक तापलं की थंड फरशीच्या तुकड्यावर उपडं घालून दुसरं चढवतो, स्प्रेपेक्षा मला हे जास्त आवडतं. बर्फावर किंवा फ्रीजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर त्याला घाम फुटतो आणि ते पाणी फटीत बसून गंज आणतं.

सिरॅमिक कटरवालं ब्लेड कमी तापतं, हे खरं आहे. पण एकदा फरशीवर पडलं की तुकडा उडतो, आणि कुत्र्याच्या टेबलवरून वस्तू पडतातच.

नीट साफ, नीट तेल, ताण बरोबर आणि तरी लगेच तापत असेल तर एक तर धार गेली, नाहीतर मशीनच्या मागची हवेची जाळी केसांनी बंद झालीय. ती जाळी बऱ्याच मशीनमध्ये बोटाने निघते. काढून ब्रश करा, साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवून लावा. मोठ्या मशीनमध्ये दर म्हशीनंतर बघा, कारण एका म्हशीचे केस आणि कोंडा जाळी भरायला पुरतो.

धार: कुणाकडे द्यायची, कुणाकडे नाही

आमच्या गल्लीत सायकलवर चाक लावून धार लावणारे काका यायचे, विळी-कात्री झकास करून द्यायचे. त्यांच्याकडे क्लिपरचं ब्लेड देऊ नका. त्यांचं काही चुकत नाही, हे कामच वेगळं आहे. या पात्यांचा आतला चेहरा सपाट दिसतो पण असतो किंचित खोलगट, त्यामुळे दोन्ही पाती एकमेकांना फक्त दातांच्या टोकांपाशी आणि मागच्या कडेला टेकतात, मधे फट असते. चांगलं ब्लेड हातात घेऊन दोन्ही चेहरे एकमेकांवर ठेवा आणि उजेडाकडे धरून बाजूने बघा, मधून प्रकाशाची बारीक रेघ दिसली पाहिजे. हा खोलगटपणा त्यासाठीच्या खास फिरत्या चकतीवर, बारीक ग्रिट म्हणजे घासायची पूड लावून, दोन्ही पात्यांना सारखा देतात. साध्या ग्राइंडरवर धरलं की चेहरा एक तर पुरा सपाट नाहीतर वेडावाकडा होतो आणि मग कुणीही परत नीट करू शकत नाही. दातांच्या मधे कानस तर चुकूनही घालू नका, धार तिथे नसते.

माझी स्वतःची सहा ब्लेड एका ठिकाणी अशीच गेली. चकचकीत करून आणली होती, पिशवीतून काढल्यावर आरशासारखी, आणि पहिल्याच पूडलच्या पाठीवर रेघा रेघा उठल्या. उजेडात धरली तर काही दोन्ही कडांना उघडी आणि मधे टेकलेली. तेव्हापासून नवीन माणसाकडे मी आधी एकच जुनं ब्लेड पाठवतो, तेही कुठली जोडी कुठल्याबरोबर आहे ते वर-खाली मार्करने खूण करून. जोडी बदलली तर धार लावून उपयोग नाही, कारण दोन्ही एकमेकांसाठी घासलेली असतात. धार लावून आलेलं ब्लेड स्वच्छ, कोरड्या, जाड केसावर चालवून बघा, एका फटक्यात रेघ न सोडता जायला पाहिजे.

धार गेली हे ओळखायचं कसं, तर साफसफाई, तेल आणि ताण तिन्ही करूनही केस ओढले जातात, मागे पट्टे राहतात आणि एकाच जागेवरून दोन-तीनदा फिरवावं लागतं. एखादा दात तुटला असेल तर ते ब्लेड त्याच दिवशी फेकून द्या, धार लावत बसू नका, त्या खाचेत कातडी शिरते आणि कापते. आणि चार्जिंगच्या मशीनमधलं एकाच ब्लेडवर लीव्हरने लांबी कमी-जास्त होणारं जे असतं, त्याला धार लावायच्या भानगडीत मी पडत नाही, नवीन ब्लेडच लावतो.

ब्लेड चांगलं आहे आणि तरी कापत नाही

इथे लोकांचा गोंधळ होतो. धार लावून आणली, तेल दिलं, आणि तेच रडगाणं. मग ब्लेड काढून मशीनच्या तोंडाशी बघा, तिथे प्लास्टिकचा एक छोटा तुकडा डावी-उजवीकडे हलतो आणि कटरला ढकलतो. त्याला ड्राइव्ह म्हणतात, काही मशीनमध्ये लीव्हर असतो. हा मुद्दाम प्लास्टिकचा केलेला असतो, झिजायचं ते यानेच झिजावं म्हणून. कडा गोल झाल्या की कटर पूर्ण अंतर जात नाही, थोडा जाऊन परत येतो, दात अर्धेच कापतात, आणि ब्लेड खडखड वाजतं. स्वस्त पार्ट आहे, बहुतेक मशीनमध्ये दोन-तीन स्क्रू काढून घरी बदलता येतो. मी रोज काम करतो, एक जादा नेहमी डब्यात असतो.

सुट्टं ब्लेड बसवताना ते आधी बिजागरीवर अडकवायचं, मग मशीन चालू करायचं आणि मग ब्लेड दाबून खटका बसवायचा. चालू असताना ड्राइव्ह आपोआप खाचेत जाऊन बसतो. बंद मशीनवर जोर लावून दाबलं की ड्राइव्हची कड तुटते. काढताना मात्र मशीन बंद.

मोटर, कार्बन, वायर

इथपर्यंत सगळं तपासलं आणि तरी मशीन हळू चालतं, मधेच बंद पडतं, ठिणग्या उडतात, तर कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे दोन छोटे काळे तुकडे, बघायचे. बऱ्याच मोठ्या मशीनला आणि जुन्या पद्धतीच्या पार्लर मशीनला दोन बाजूंना डिसमिसने उघडणारी टोपणं असतात.

प्लग काढा. टोपण उघडा, स्प्रिंगसकट कार्बन बाहेर येईल. कुठली बाजू वर होती ते लक्षात ठेवा किंवा मोबाइलवर फोटो घ्या, कारण कार्बनचं टोक मोटरच्या गोलाईप्रमाणे झिजलेलं असतं आणि उलटं बसवलं तर परत ठिणग्या. मूळ लांबीच्या निम्म्यावर आला असेल तर बदला, आणि एकच खराब दिसला तरी दोन्ही बदला. काळी पूड फुंकून काढा. नवीन लावल्यावर पाच-दहा मिनिटं ब्लेडशिवाय चालवा म्हणजे बसतात. बारीक निळसर ठिणगी असतेच, घाबरू नका, पण पिवळ्या-नारिंगी ठिणगीचं कडं दिसलं किंवा जळका वास आला तर मोटर बांधणाऱ्या वाइंडरकडे द्या, तिथे घरचे प्रयोग नकोत.

वायर सगळ्यात जास्त मशीनच्या बुडाशी तुटते, आतल्या आत. हलवलं की चालू, हलवलं की बंद. इलेक्ट्रिशियनकडून तेवढा भाग कापून नवीन जोडून घ्या, पण गोठ्यात टेप गुंडाळलेली वायर वापरू नका. म्हशीचा पाय पडतो, खाली मूत आणि पाणी असतं. मी वायर वरच्या आढ्याला दोरीने टांगून घेतो आणि ज्या बोर्डाला ईएलसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, नाही तिथे आधी तो बसवायला सांगतो, काही लोकांना माझा राग येतो, येऊ दे. लांब आणि बारीक एक्स्टेन्शन पण नको, मशीनपर्यंत व्होल्टेज पोचत नाही आणि मोटर तापते.

बॅटरीवाल्यांसाठी थोडक्यात: आतली लिथियमची असेल तर पूर्ण उतरवून महिनोन्महिने ठेवू नका, अर्धी चार्ज करून सावलीत ठेवा, उन्हात उभ्या गाडीत विसरू नका, आणि फुगलेली दिसली तर चार्जिंगला न लावता ताबडतोब बदला.

एका जनावराकडून दुसऱ्याकडे

हा भाग मशीनपेक्षा जनावरांसाठी आहे पण देखभालीतच येतो. गजकर्ण झालेल्या मांजरावर किंवा वासरावर चालवलेलं ब्लेड तसंच पुढच्यावर चालवलं तर ते त्याला होतं, आणि आपल्या हातालाही होतं. शेळ्यामेंढ्यांमध्ये गळ्याशी, खांद्याशी पुवाच्या गाठी येतात, त्यातली एक जरी पात्याने फुटली तरी तो पू पुढच्या प्रत्येक मेंढीच्या बारीक कापलेल्या जागेतून आत जातो. त्यामुळे कळपात गाठवाली जनावरं शेवटी घ्या, तरुण आणि निरोगी आधी. फुटलीच तर तिथेच थांबा, पाती काढा, धुवा.

क्रम लक्षात ठेवा: आधी केस आणि घाण पूर्ण काढायची, मग जंतुनाशक, कारण घाणीवर मारलेलं औषध घाणीतच संपतं. ब्लेडसाठी मिळणारा जंतुनाशक स्प्रे घ्या आणि बाटलीवर जितकी मिनिटं लिहिली आहेत तितकी मिनिटं ओलं राहू द्या, मारून लगेच पुसू नका. घरातलं ब्लीच पोलाद खातं, ते फरशीला ठेवा. गजकर्णाचा संशय असेल तर मी ते ब्लेड बाजूला काढून फक्त तसल्या जनावरांसाठी वेगळं ठेवतो आणि मालकाला आधी डॉक्टरकडे पाठवतो. आणि जंतुनाशकानंतर, सांगायलाच नको, परत तेल.

पावसाळ्यात ठेवताना

कोकणात आणि आमच्या घाटालगतच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल्या असतात, ब्लेड कुठलं टिकणार. शेवटचं काम झालं की अर्धा तास काढा. पाती काढून झाडा, ब्लेड वॉश करा, कोरडं पुसा, तासभर उन्हात किंवा पंख्याखाली ठेवा, मग नेहमीपेक्षा जरा जास्त तेल लावून तेलकट कागदात गुंडाळा. मशीनबरोबर जी कडक प्लास्टिकची पेटी येते तिच्यात फोमचा थर असतो, तो ओल धरतो, म्हणून मी ब्लेड त्यात न ठेवता घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवतो आणि बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकतो. मोठ्या मशीनचा नट ढिला. वायर मशीनभोवती आवळून गुंडाळू नका, मोकळी वेटोळी करा. आणि महिन्यातून एकदा मशीन काढून ब्लेडशिवाय दोन मिनिटं फिरवा, आतलं ग्रीस जागचं बसत नाही आणि कुठे उंदराने वायर कुरतडली असेल तर ते दिवाळीच्या आदल्या दिवशी न कळता आधीच कळतं.

ऑक्टोबरात डबा उघडाल तेव्हा ते जुनं तेल आधी पूर्ण पुसून काढा, त्याच्यात धूळ बसलेली असते. दात मोजा, कटरची टोकं मागे आहेत का बघा, पाच थेंब नवीन तेल द्या, आणि म्हशीच्या अंगाला लावायच्या आधी दहा सेकंद हातात धरून नुसता आवाज ऐका.